जे नाव सुनांनी घ्यायचं नसतं

माझी थोरली जाऊ नोबांदला बोलायला लागली की समोरच्या माणसाला कान पुढे करावा लागतो. आवाज नाही असं नाही. टेकडीवरून गुरांना हाक घालते तेव्हा ओढ्यापलीकडचं गाव उभं राहतं. पण माणसांशी बोलताना ती शब्द आधी तोंडात फिरवून पाहते, आणि मगच बाहेर सोडते. पंधरा वर्षं मी तिच्या शेजारच्या गोल घरात राहते. आम्हा दोघींचे नवरे दूर खाणीत, वर्षातून एकदा येणारे. तेव्हा नवऱ्यापेक्षा मी तिलाच जास्त ओळखते, असं म्हणायला हरकत नाही.

तिला दवाखान्यात नोंदणीचं काम मिळालं तेव्हा आमच्या माखालेनी गावातल्या बायका नळावर म्हणाल्या, "आता ही आपल्याशी कशाला बोलेल?" नोबांदला सकाळी पाणी भरून, मका कुटून, मगच दवाखान्यात जायची, आणि संध्याकाळी येऊन पुन्हा चुलीपुढे बसायची. कॉम्प्युटर तिला कोणी शिकवला नाही. मथाथा शहरातून लुथो नावाचा मुलगा मशीन बसवायला आला होता, तो काय करतो ते तिने उभ्या उभ्या पाहिलं, तेवढंच. मग दोन बोटांनी, कोंबडी दाणे टिपते तसं टिपत टिपत, तिने गावातली अकराशे पिवळी कार्डं त्या मशीनमध्ये उतरवली. कोणाला कोणतं औषध चालतं, कोणाला चालत नाही, कोणाचं मूल कधी जन्मलं. सात वर्षं लागली. मी ते पाहिलं आहे, म्हणून अभिमानाने सांगते.

तिची गोष्ट सांगायची तर आधी एक सांगावं लागेल. आमच्या सासऱ्यांना आम्ही ताता म्हणतो. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्याकडे सुनेने ते घ्यायचं नसतं. त्या नावाचा तुकडा ज्या शब्दात येईल तो शब्दही नाही. 'ठीक आहे' म्हणायला सारं गाव दिवसातून शंभरदा जो शब्द वापरतं, त्यात तो तुकडा आहे. म्हणून आम्ही दोघी 'सरळ बसलं' म्हणतो. नवी नवी होते तेव्हा माझी जीभ दर घटकेला अडखळायची. नोबांदलाने शिकवलं. म्हणाली, "जिभेला वाट बदलायला लाव. बैल शिकतो, तर आपण नाही शिकणार?" आता माझी जीभ झोपेतही त्या वाटेने जात नाही.

जुलैचे, म्हणजे आमच्याकडे कडक हिवाळ्याचे दिवस होते. कोरफडी लाल फुलल्या होत्या आणि गवतावर सकाळी पांढरं बर्फाचं पीठ असायचं. पाच दिवस ताता खोकत होते. सहाव्या दिवशी सकाळी ते गुरांच्या कुंपणाशी गेले आणि फाटकाला धरून खाली बसले. बसले ते उठेनात. ओठ जांभळे पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीत मागे गोधडी टाकून आम्ही त्यांना दवाखान्यात आणलं. सासूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, मी पाय धरून. आम्हाला उतरवून शेजारी परत गेला, आणि इतक्या सकाळी दवाखान्यात सिस्टर आणि नोबांदला या दोघीच होत्या.

सिस्टर माबेका तीनच आठवड्यांपूर्वी बदलून आल्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि चेहरा बदलला. आतल्या खोलीत ताताला निजवून तोंडावर हवेचा मुखवटा धरला. त्याचा पट्टा तुटलेला, म्हणून हाताने धरावा लागत होता. दुसऱ्या हाताने मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांना फोन लावला. गाडी निघाली होती, पण नदीपलीकडच्या रस्त्याने तीन तास.

"तीन तास हे काढणार नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "इंजेक्शन आत्ता द्यायला हवं. माझ्याकडे दोन आहेत. यांना पूर्वी कशाचा त्रास झालाय का?"

सासूबाई म्हणाल्या, "झालाय. चार वर्षांपूर्वी एक सुई दिली आणि गळा बंद झाला. मेलेच होते."

"कोणती सुई?"

"सुईसारखी सुई. मला काय माहीत?"

"कार्ड कुठंय?"

कार्ड मागच्या हिवाळ्यात घराचं छप्पर जळालं त्यात गेलं होतं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे पाहिलं. नोबांदला दारात उभी होती. डोक्यावरची शाल कपाळापर्यंत ओढलेली, नजर जमिनीवर. सासरा उघड्या अंगाने निजला असताना तिला आत येता येत नव्हतं. ती म्हणाली, "मशीनमध्ये आहे. मी स्वतः घातलंय. पण कोणतं औषध ते आठवत नाही, सिस्टर. अकराशे कार्डं आहेत."

"मग बघ ना!"

नोबांदला तिच्या टेबलाशी पळाली आणि तिथेच थांबली. मी मागोमाग गेले. मशीनचा पडदा निळा होता. रोज तिथे हिरव्या झाडाचं चित्र असायचं. त्या झाडावर टिचकी मारायची, आपला गुप्त शब्द घालायचा, की मशीन उघडायची. आज झाड नव्हतं. पहाटे वीज गेली आणि आली, त्यात मशीन स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू झाली होती. आता दोन रिकामे चौकोन होते. खालच्यात गुप्त शब्द, तो तिला पाठ होता. वरच्यात खात्याचं नाव. ते तिने सात वर्षांत एकदाही घातलं नव्हतं.

"नाव म्हणजे कोणतं नाव?" ती पुटपुटली. तिने 'नोबांदला' घातलं. मशीन म्हणाली, चूक. लग्नात सासरच्यांनी दिलेलं हे नाव नसेल तर माहेरचं असेल, म्हणून ते घातलं. चूक. मग शाळेतल्या बाईंनी दिलेलं इंग्रजी. चूक.

थोरल्या बाईला आम्ही सिसी म्हणतो, म्हणजे ताई. मी म्हटलं, "सिसी, लुथोला फोन कर." तिने लावला आणि माझ्या हातात दिला. मी तो तिच्या कानाशी धरला, स्वतःचाही कान लावून.

"किती वेळा चुकलात?" लुथोने विचारलं.

"तीनदा."

"तीन वेगवेगळी नावं? सिसी, माझ्याकडे एकच आहे, आणि तेही कोणी धड घेत नाही." तो हसला. आमच्याकडून हसू आलं नाही तेव्हा त्याचा आवाज बदलला. "काय झालंय?"

तिने सांगितलं.

"अरे देवा. ऐका. चित्रावर टिचकी मारायची सोय वरून बंद केलीय, आता नाव लिहावंच लागतं. पण पाचदा चुकलं की मशीन संध्याकाळपर्यंत दार उघडत नाही. आता अंदाजाने काही घालू नका. यादी साहेबांकडे आहे आणि साहेब गावाला गेलेत. पण तिथल्या तिथेही सापडतं. सिस्टरांचं खातं उघडता येईल?"

आतून सिस्टरांनी त्यांचं नाव आणि शब्द ओरडून सांगितला. ते खातं औषधांच्या साठ्यापुरतं होतं, कार्डं त्यात दिसत नव्हती. पण उघडलं.

"आता पिवळ्या पाकिटाचं चित्र दिसतंय खाली? दाबा. डाव्या बाजूला मशीनचं चित्र, ते दाबा. आता पेटी दिसेल, ती उघडा. आत बऱ्याच खोल्या. त्यात एक खोली वापरणाऱ्यांची. इंग्रजीत तसं लिहिलंय. मिळाली? तिच्या आत जा. या मशीनवर जो जो बसलाय, त्याच्या नावाची एकेक खोली मशीनने आत बांधलेली असते. खातं ज्या नावाने केलं तेच नाव. तुमचंही तिथेच असणार."

आतल्या खोलीतून ताताचा श्वास ऐकू येत होता. ओल्या लाकडावर करवत चालावी तसा. मध्येच थांबायचा. थांबला की आम्ही दोघी थांबायचो. पुन्हा चालू झाला की नोबांदलाचा हात चालू व्हायचा.

खोल्या उघडल्या. पाच होत्या. पहिली मशीन सांभाळणाऱ्याची, दुसरी सगळ्यांची, तिसरी बदलून गेलेल्या जुन्या सिस्टरांची, चौथी सिस्टर माबेकांची. पाचव्या खोलीवर जे नाव होतं ते मी वाचलं. नोबांदलाने पाहिलं आणि झटकन मान फिरवली, कोणी उघडं अंग पाहावं तशी.

"सापडलं?" लुथो विचारत होता. "सिसी? वाचा बघू."

तिने फोन माझ्या कानाकडे सरकवला.

"आहे," मी म्हटलं. "पण ते तिचं नाही."

"मग कोणाचं?"

"घरातल्या मोठ्यांचं. आत निजलेत त्यांचं."

लुथो हळूच म्हणाला, "हो. आता आठवलं."

मलाही आठवलं, कारण नोबांदलाने ती गोष्ट मला तेव्हाच सांगितली होती. मशीन बसवली त्या दिवशी लुथोने विचारलं, कोणाच्या घरच्या तुम्ही? नोबांदला मान खाली घालून उभी राहिली, कारण उत्तर तिच्या तोंडाला बंद होतं. तेव्हा झाडू मारणारी बाई म्हणाली, "तिला काय विचारतोस? ती अमक्यांच्या घरची सून," आणि आमच्याकडे घर ज्या माणसाच्या नावाने ओळखतात ते नाव तिने घेतलं. शहरातल्या पोराने तेच खात्याला दिलं. वर झाडाचं चित्र लावलं. नोबांदलाला वाटलं, त्याने विचारलं, ऐकलं आणि सोडून दिलं. सात वर्षं ती त्या झाडावर टिचकी मारत होती, आणि झाडाच्या मागे सासरा उभा होता.

"तेच घाला," लुथो म्हणाला. "त्यानेच उघडेल. नाहीतर मला तरी..." आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर लागेना. वारा सुटला की आमच्या टेकडीवर असंच होतं.

बाकावरून सासूबाई उठून आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण आमचे चेहरे वाचता येतात.

"काय सापडलं?"

नोबांदला म्हणाली, "आई, मशीन त्यांच्या नावाने उघडते."

"कोणाच्या?"

तिने आतल्या दाराकडे हनुवटी केली.

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. "त्यांचं नाव या डब्यात कोणी घातलं?"

"मी नाही, आई."

"आणि आता तू घालणार? आज? ते असे पडलेत तेव्हा?" सासूबाईंचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "मी त्यांच्या बापाचं नाव बेचाळीस वर्षं जिभेवर येऊ दिलं नाही. बाळंतपणात ओरडले तेव्हाही नाही. माणूस उंबऱ्यावर उभा असतो, एक पाय आत, एक बाहेर. अशा वेळी सुनेच्याच हातून नाव निघालं, तर पलीकडच्या पूर्वजांना वाटेल घरच्यांनीच हात सोडला. ते घेऊन जातील."

मी हे ऐकलं आणि खरं सांगते, माझा विश्वास बसला. आजही तो पुरता उडालेला नाही.

"मग काय करू?" नोबांदला म्हणाली. "आई, तुम्ही सांगा. मी तसं करते."

सासूबाई आतल्या दाराकडे वळल्या.

नोबांदला माझ्याकडे वळली. "तू घाल."

"मी?" माझे हात मी शालीत लपवले. "सिसी, मी त्याच घरची."

"सिस्टर!" तिने हाक मारली. "एक मिनिट बाहेर या!"

"कशी येऊ? हा मुखवटा कोण धरणार, तुझी आजी?" सिस्टर आतून ओरडल्या. "नोबांदला, ऐक. आता श्वासात खंड पडायला लागलाय. मिळालं तर सांग, नाहीतर मी पेनिसिलिन भरून ठेवलंय, तेच देते. वाट पाहत बसले तर सुई प्रेताला द्यावी लागेल."

सासूबाई तिथेच जमिनीवर बसल्या.

नोबांदलाने शाल पार डोळ्यांपर्यंत ओढली. खुर्चीवर टेकली. सिस्टरांचं खातं बंद करून ते दोन रिकामे चौकोन पुन्हा आणले. तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी टाइप करायला लागली. अक्षरांच्या जागा बोटांना माहीत होत्या. मी तिच्या खांद्यामागे उभी होते आणि मीही पाहिलं नाही. मला फक्त टिकटिक ऐकू आली, आणि त्यामागे ती करवत. मग तिने गुप्त शब्द घातला आणि डोळे उघडले.

चूक.

कुठेतरी एक बोट शेजारच्या अक्षरावर पडलं होतं. चार झाले. आता एकच उरलं.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिच्या गळ्यातून एक आवाज आला, वासराला दोर आवळला की येतो तसा. तिने दोन्ही हात मांडीवर पुसले. थंडीतही तळवे भिजले होते.

"डोळे उघडे ठेवावे लागतील," ती म्हणाली. मला नाही, सासूबाईंना नाही, कोणालाच नाही.

तिने शाल मागे सरकवली. एक अक्षर टाइप केलं आणि ते पडद्यावर पाहिलं. दुसरं टाइप केलं आणि पाहिलं. प्रत्येक अक्षराला ती थांबत होती. सासूबाई खाली बसल्या बसल्या पूर्वजांशी बोलत होत्या, कुळाची नावं एकामागून एक घेत, "ही पोर आहे, हिला कळत नाही, तुम्ही तिकडे पाहा, तुम्ही तिकडे पाहा," असं म्हणत. मधेच आतली करवत थांबली. नोबांदलाचं बोट हवेतच राहिलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मला वाटलं, गेले. सासूबाई म्हणाल्या तसंच झालं, अर्ध्या नावावरच गेले. मग करवत पुन्हा चालली.

तिने नाव पुरं केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहिलं. आमच्या घरात आलेल्या कोणत्याही सुनेने तोवर हे केलं नसेल. मग खाली गुप्त शब्द घातला.

मशीन विचार करत राहिली. एक छोटं वर्तुळ फिरत होतं.

उघडली.

आता अकराशे कार्डांत ताताचं कार्ड शोधायचं. मी म्हटलं, "पुन्हा तेच नाव घालावं लागेल का गं?" ती म्हणाली, "नाही. ते कार्ड मी त्यांच्या नावाने ठेवलंच नाही. कसं ठेवणार होते?" बाकी सारं गाव तिने नावानिशी उतरवलं होतं. या एकाच कार्डावर फक्त कुळाचं नाव घातलं होतं. दुसऱ्या कोणाला ते जन्मात सापडलं नसतं. तिला चार टिचक्यांत सापडलं. तिच्याच हाताने सात वर्षांपूर्वी उघडलेलं पान, आणि चार वर्षांपूर्वी खाली जोडलेली ओळ. पेनिसिलिन दिल्यावर घसा सुजून श्वास बंद. पुन्हा देऊ नये.

"सिस्टर!" ती ओरडली. टेकडीवरचा तो आवाज. "ते नको! पेनिसिलिन नको!"

आतून उत्तर आलं नाही. नोबांदला उठली, खुर्ची मागे पडली, आणि ती शाल न घेता, उघड्या डोक्याने आत गेली. मी दारातून पाहिलं. सिस्टरांनी मुखवटा एका कोपराने दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातातली सुई ताताच्या दंडाला लागलेलीच होती. टोचली नव्हती. नोबांदलाने सिस्टरांचं मनगट धरलं.

"दुसरं द्या," ती म्हणाली. "दुसरं."

ताताचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या डोक्यावरचे केस पाहिले नव्हते, आणि तिने त्यांची छाती. ती मागे फिरली नाही. सिस्टरांच्या हातून मुखवटा घेतला आणि गाडी येईपर्यंत तिनेच तो धरून ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

ताता एकोणीस दिवस मथाथाच्या इस्पितळात होते. त्या एकोणीस दिवसांत सासूबाई नोबांदलाच्या हातचं जेवल्या नाहीत. माझ्या हातचा कुटलेला मका आणि घेवडा खायच्या, तिच्या हातचं पाणीही नाही. भांडण नव्हतं. चुलीशी दोघी बसायच्या आणि मधे मी. नोबांदलाला रोज वाटायचं, आज निरोप येईल. फोन वाजला की ती घराबाहेर जायची. कोणी येऊन सांगितलं तर उभ्याने ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं.

निरोप आला तो ताता घरी येतात असा. मग ती माहेरी गेली. चूक झाली की सुनेने माहेरून काहीतरी आणून घरापुढे ठेवायचं असतं. भावाने एक शेळी दिली, ती दोर धरून दोन दिवस चालत घेऊन आली. ताता अंगणात बिअरच्या मडक्याशी गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. शेळी पाहिली, खोकले, म्हणाले, "ही कशाबद्दल?"

सासूबाईंनी सांगितलं.

ताताने शेळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे सात वर्षं दवाखान्याचं दार माझ्या नावाने उघडतंय, आणि मला कोणी सांगितलं नाही?" आणि हसता हसता त्यांना इतका खोकला आला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. शेळी ठेवून घेतली. लुथो पुढच्या आठवड्यात खात्याचं नाव बदलायला आला तर ताताने त्याला कुंपणाशीच गाठून सांगितलं, "बदलायचं नाही. मी जिवंत आहे तोवर नाही."

त्यांना गंमत वाटते. सासूबाईंना वाटत नाही. आता त्या नोबांदलाच्या हातचं जेवतात, पण ताताला रात्रीची गोळी द्यायची असेल तर मला हाक मारतात, तिला नाही.

आणि नोबांदला रोज सकाळी दवाखान्यात जाते, शाल कपाळापर्यंत ओढते आणि ते नाव एकेक अक्षर पाहत घालते. मी एकदा विचारलं, "आता सवय झाली असेल ना, सिसी?" ती म्हणाली, "नाही. रोज वाटतं, आज पलीकडचे त्यांना नेतील." मशीन उघडली की ती फोन करते. मी घरी असले तर मीच उचलते. ती काही विचारत नाही. मी गुरांच्या कुंपणाकडे पाहते, ताता फाटकाशी उभे असतात, आणि मी म्हणते, "उभे आहेत." मग ती पहिल्या आजाऱ्याला आत बोलावते.